केवडा घोडी गेली आणि शेरा मागे राहिला, ती हकीकत

श्रीवरद. खरे लिहिण्यास हातास बळ यावे, इतुके मागून आरंभ करितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख मासी एके राज्यात ऐसे वर्तले. सरकारचे पागेत केवडा नामे घोडी होती आणि तिचे बारा दिवसांचे शिंगरू होते, आणि हैबती मोतद्दार दोघांची निगा राखीत असे. तो घाटापलीकडील ठाण्यास घोडी पाहिजे ऐसी मागणी आली, आणि कागद अश्ववैद्य लीलावतीबाई सबनीस यांजकडे मंजुरीस गेला. बाईंनी संगणकावर शेरा लिहिला की, "मंजूर. परंतु शिंगरू सोबत धाडावे, ते अद्याप अंगावर पिते." मग आपोआप कागद हलविणारी जी यंत्रणा, तिने तो मागणीचे यादीतून रवानगीचे यादीत नेला, आणि नेताना 'मंजूर' तेवढे उचलिले, पुढील शेरा तेथेच टाकिला. हैबती वैरण आणावयास गेला होता, तो परतला तो घोडी गाडीत घालून नेलेली, आणि शिंगरू रिकामे ठाणात घिरट्या घालून ओरडते आहे. तैसाच धावत तो बाईंपाशी गेला आणि म्हणाला, "बाईसाहेब, माय नेली आणि लेकरू ठेविले! हे तुम्ही मंजूर केले?"

बाईंनी जुनी यादी उघडिली, तो शेरा अक्षरशः जागेवर. मग बाई संतापोन यंत्रणेचे कारभारी त्र्यंबकराव धायगुडे यांसमोर उभ्या राहिल्या. रावसाहेब शांतपणे वदले, "यंत्रणेची चूक नाही. रवानगीचे यादीत शेऱ्याचा रकानाच नाही."

"का नाही?"

"आजवर कोणी मागितला नाही."

"मग काय शिंगराने अर्ज करावयाचा होता?" ऐसे बोलून बाईंनी हाताने कागद लिहिला, शिक्का मारिला आणि हैबतीस शिंगरासह टेंपोने रवाना केले. वाटेत दोन दिवस हैबतीने शेळीचे दूध फडक्याने पाजिले, परंतु निम्मे शिंगराचे तोंडातून बाहेरच गळे, आणि ठाण्याचे दारी पोहोचले तेव्हा त्यास उभे राहवेना. दारावरील पहारेकरी पडद्यावर पाहोन म्हणाला, "शिंगरू यादीत नाही. हातचा कागद चालत नाही."

हैबतीने कागद खिशात ठेविला आणि शिंगरू उचलोन खांद्यावर घेतले. ते बारीक ओरडले. आतून केवडा ऐसी खिंकाळली की पहारेकरी दचकला, आणि दावे तोडोन ती थेट दारास येऊन भिडली. तिचे आचळांतून दूध जमिनीवर गळत होते. पहारेकऱ्याने ते पाहिले, पडदा पाहिला, आणि मग मान खाली घालोन दार उघडिले.

शिंगरू जगले, मागला एक पाय अधू राहिला. रवानगीचे यादीत शेऱ्याचा रकाना पुढे जाहाला, त्याबद्दल त्र्यंबकरावांस शाबासकी मिळाली. हैबतीची माफी कोणी मागितली नाही, घोडीची तर नाहीच. येणेप्रमाणे घडले ते लिहिले, एक अक्षर मागे ठेविले नाही.