डेल्मरच्या ट्रकचा हॉर्न

आर्लन त्वेत याने मांसासाठी गुरे पाळण्याचा व्यवसाय आरंभिला, तेव्हा त्याच्यापाशी तीन कालवडी, एकपदरी विजेच्या तारेचे कुंपण आणि हिवाळ्यापुरते वाळलेले गवत एवढेच भांडवल होते. गवत ओढण्यास वाहन हवे होते आणि हाती रोकड उरली नव्हती. म्हणून आपली मासेमारीची नाव शेजारच्या डेल्मर हूसोला देऊन त्याने त्याचा जुना ट्रक घेतला.

"आता रविवारी आपण बसायचं कुठे?" बायको लव्हॉन म्हणाली.

"ट्रकमध्ये बस की."

"आणि गळाला काय लागणार? कालवड?"

आर्लन ट्रकमध्ये गवत भरू लागला. धान्यकोठारातील नोकरी त्याने एवढ्याचसाठी सोडली होती, की यापुढे सकाळी सातला त्याला कोणी बोलावू नये.

हॉर्नच्या आवाजासरशी चाऱ्याकडे येण्याची सवय गुरांना लावावी लागते. पहिला बर्फ पडल्यावर आर्लनने गवत पसरले आणि दीर्घ हॉर्न वाजविला. कालवडींनी मानही वळविली नाही. मात्र टेकडीपलीकडून जमीन हादरू लागली आणि डेल्मरच्या साठ गाई धावत आल्या. या हॉर्नने त्यांना नऊ हिवाळे जेवू घातले होते. स्वयंपाकघरात कॉफी पिताना आर्लनने तो रोज ऐकला होता, परंतु सौदा करताना ते त्याच्या ध्यानी आले नाही. बर्फावर उभ्या असलेल्या गाईंना तारेचा झटकाही धड बसेना. कुंपण आडवे झाले, गवताची गंजीही आडवी झाली.

डेल्मर नव्या ट्रकमधून आला. त्याने हॉर्न वाजविला. एखाद्या वाटसरूकडे पाहावे तसे गाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा तोंड गवतात घातले.

"ह्या मला ओळखतच नाहीत रे," तो खिन्नपणे म्हणाला. "तूच पुढे हो बाबा."

आर्लन हॉर्न वाजवीत डेल्मरच्या कुरणाकडे निघाला. मागून साठ गाई आणि त्यांच्या मागून, कळपाच्या ओढीने, त्याच्या तीन कालवडीही निघाल्या. मागे गवताची काडीही धड उरली नव्हती.

"माझ्या गाईंनी तुझं गवत खाल्लं, तर तुझ्या ह्या तीन पोरी हिवाळाभर माझ्याकडे खातील," डेल्मर म्हणाला.

"उपकार झाले तुझे."

"उपकार कसले? उद्यापासून सकाळी सातला ट्रक घेऊन ये. माझ्या ट्रकमागे काही ह्या यायच्या नाहीत."

"मग हा ट्रकच परत घे ना. माझी नाव दे."

"ते जॉइसला विचारावं लागेल," डेल्मरने बायकोचे नाव पुढे केले. "तिने पडदे शिवलेत."

"नावेला?"

"मलाही विचारलं नव्हतं."

तळ्यावरील बर्फ वितळला, तरी कुरणात हिरवे काही उगवले नव्हते. जॉइसने लव्हॉनला रविवारी नावेवर बोलाविले. त्या सकाळी आर्लनने टेकडीवर चारा टाकून हॉर्न वाजविला. सर्वांआधी त्याच्याच कालवडी आल्या. खाली तळ्यावर, पडद्यांच्या नावेत, डेल्मर गळ टाकून बसला होता. लव्हॉन आपल्या जुन्याच जागी होती. हॉर्न ऐकून तिने हात हलविला.

आर्लनचे मन भरून आले. केवळ तिच्यासाठी म्हणून त्याने हॉर्न पुन्हा एकवार, हळूच वाजविला. तत्क्षणी सर्व गाई चारा सोडून ट्रकभोवती दाटल्या आणि त्याला तळे दिसेनासे झाले.