पुढची जागा मोकळी आहे

सार्वजनिक आरोग्य हे ज्याच्या त्याच्या हातात नसून दुसऱ्याच्या दंडात असते. हे सत्य मुख्याध्यापक सरांना साथीच्या पहिल्याच वर्षी उमगलं आणि शाळेचा कारभार त्यावरच चालू लागला.

मास्कचंच घ्या. बोलताना तो खाली करावा (नाहीतर ऐकू येत नाही), खोकताना पूर्ण काढावा (नाहीतर खराब होतो) आणि एरवी अवश्य लावावा, असा सरांचा नियम. शिस्त इतकी कडक, की तपासणीला साहेब आले तेव्हा सबंध शाळेत एकाही मुलाची हनुवटी उघडी सापडली नाही.

मग लहान मुलांची लस आली. पालकसभेत शंभर टक्के हात वर झाले (शेजारच्या बाकावरच्या मुलासाठी). सरांचा ऊर भरून आला, कारण तिसरीतल्या चिमणीची काळजी त्यांच्या जिवाला लागली होती. मोठ्या दुखण्यातून उठलेली पोर. औषधं अशी चालू, की तिला लस टोचता येत नव्हती. वर्गातल्या बाकीच्यांनी घेतली तरच हिला शाळेत पाठवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सर रोज तिचा बाक स्वतः पुसून ठेवत.

लसीच्या दिवशी मैदानात ही मोठी रांग लागली. नर्सताईंनी सांगून टाकलं, "एका कुपीत दहा मुलांची लस. उघडली की लगेच संपवावी लागते. दहा जण टेबलापाशी आल्याशिवाय मी उघडणार नाही. चला, कोण पहिलं?"

इथे समाजाचे संस्कार दिसले. पहिल्या बाई मागच्या काकांना म्हणाल्या, "आधी तुमचा होऊ दे, आमच्याला जरा सर्दी आहे."

"छे छे, मान तुमचा!" असं म्हणून काका जे निघाले ते थेट रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. बाईही त्यांच्या मागे. बघता बघता रांग फाटकाबाहेर सरकली, कोपऱ्यावरून वळली. शेपूट असलेली पण तोंड नसलेली अशी रांग कुणी पाहिली नसेल. मध्ये घुसण्यावरून एकही भांडण झालं नाही (याची कृपया नोंद घ्यावी).

नर्सताई म्हणाल्या, "सर, तुमच्या नातीपासून सुरुवात करू या की. बाकीचे आपोआप येतील."

सरांनी रांगेतल्या नातीकडे पाहिलं. पण माणूस तत्त्वाचा! "माझी नात म्हणून पहिला नंबर? लोक वशिला म्हणतील, ताई," असं म्हणत त्यांनी सूनबाईंना डोळ्यांनी खुणावलं. सूनबाई नातीला घेऊन कोपऱ्यापलीकडे गेल्या.

दुपारी नर्सताईंनी न उघडलेल्या कुप्या बर्फाच्या डब्यात परत ठेवल्या आणि त्या निघून गेल्या. फाटकाशी चिमणीची आई सकाळपासून ताटकळत होती. चिमणीच्या पाठीला दप्तर होतं.

"झालं का हो सर, सगळ्यांचं?"

सरांना खरोखर गलबलून आलं. "बाई, सगळ्यांची अगदी मनापासून इच्छा आहे. सगळ्यांचं झालं, की हिला लगेच वर्गात घेतो."

चिमणीने टाचा उंचावून वर्गाच्या खिडकीतून आपला बाक दिसतो का ते पाहिलं. मग आईचं बोट धरून ती घरी गेली.

सर अजून रोज तो बाक पुसतात. रांगेतली पहिली जागाही तशीच मोकळी आहे. इथवर तुम्ही सरांना हसलात, त्या अर्थी तुम्ही समंजस दिसता. मग या की पुढे, मुलाला घेऊन.

अहो, मागे वळून कुणाला बघताय?