हिंदुरावांच्या टोचनगाडीचे हादरे मोडिले, त्याची हकीकत

राजमान्य राजश्री हिंदुराव, वस्ती मांजरी, टोचनगाडीचे खासे मालक व खासेच चालक, यांणी गाडीचे हादरे समूळ मोडून फत्ते केली, पेढे वाटिले, डंका जाहला. हे वर्तमान वाचणाराने तूर्त ऐकिलेच नाही ऐसे समजावे. ऐसे काही अद्याप घडिले नाही. गाडी हादरतच आहे, हिंदुराव कण्हतच आहेत, तेथोन हकीकत सांगावयाची.

टोचनगाडी म्हणजे रस्त्यात बंद पडिलेले ट्रक व बसगाड्या आकड्यास अडकवून ओढणारे अवजड वाहन. तिचे मागील पोलादी पाटे, म्हणजे स्प्रिंगा, थोर वजन पेलण्यास घडविले, म्हणोन आकड्यास ओझे असता ती मुलायम चाले. आणि रिकामी असता नगर रस्त्याचा हरएक खड्डा पाट्यांतून सीटेत, सीटेतून हिंदुरावांच्या मणक्यात आणि मणक्यातून थेट दाढेत पोचे. अखेर दाक्तरांनी फर्मान काढिले की, हादरे न थांबतील तर स्टेअरिंग सोडावे. हे कळताच मेहुणे सुखदेवराव काळजीने तातडीने दाखल जाहले, आणि विचारपूस करण्याआधी सीटेवर चढून आरसा आपल्या उंचीस लाविला.

"दाजी, तुम्ही आता आराम करा," ते वदले. "गाडीचं काय, मी बघतो की."

तो आरसा पाहून हिंदुरावांचे काळीज मणक्याहून अधिक दुखले. मग मोहीम मुक्रर जाहली.

पहिल्या स्वारीत हिंदुरावांचे कुटुंब तुळजाबाईसाहेब यांनी लग्नातील गादी सीटेवर अंथरिली. तेणेकरून मणका सलामत राहिला, परंतु मस्तक छतास भिडू लागले, आणि हिंदुराव खराडीचे गतिरोधक मोजून टेंगळे घेवोन परतले.

मग फाट्यावरील महिपती मिस्तरी यांस पाचारण केले. त्यांणी गाडीखाली शिरून, तेथेच तंबाखू मळून, निवाडा दिला की, "पाटे लई हायत. निम्मे काढू. पालखी होईल, पालखी!" पाटे काढिले, आणि खरोखर पालखी जाहली, ती येरवड्यापर्यंत. तेथे एक सहलीची बस बंद पडिली होती. आकडा लाविला, बस उचलिली, तोच टोचनगाडीने बूड टेकिले आणि पुढील चाके अस्मानी गेली. हिंदुराव हाती स्टेअरिंग धरून ढगांकडे पाहात राहिले. एक पेन्शनर गृहस्थ स्कूटर थांबवून अदबीने पुसते जाहले, "अहो, आपण बसला न्यायला आलात, की बस आपल्याला?" सुखदेवरावांनी या प्रसंगाचे चित्रीकरण नातेवाइकांच्या ग्रुपवर रवाना केले, खाली लिहिले, 'दाजींची तब्येत बरी नाही.' लोकांनी हात जोडिले. एकाने घाईत श्रद्धांजली वाहिली.

पाटे पुन्हा चढविले, तैसे हादरेही परतले. हिंदुरावांनी किल्ली मेहुण्याचे हवाली करण्यास खिशातून काढिली, तो तुळजाबाईसाहेबांनी लसूण सोलता सोलता हुकूम केला.

"अहो, भरलेली असली की हादरत नाही ना? मग रिकामी फिरवता कशाला?"

या मसलतीस समस्त दरबाराने माना डोलाविल्या. ओझे कायमचे हवे, तर ते कोणते, ऐसा पेच पडिला. तेव्हा बाईसाहेबांनी अंगणाकडे बोट दाखविले. तेथे सुखदेवरावांचा स्वतःचा ट्रक इंजिन बसल्यापासोन उभा होता, आणि त्याच्या टपावर कोंबड्यांची सत्ता चालत होती. तोच आकड्यास टांगिला. सुखदेवराव हरकत घेवो लागले, तो बहिणीचा दुसरा हुकूम सुटिला, "तुला गाडी चालवायची हौस हाय ना? बस मग आत." मग सुखदेवराव आपल्या ट्रकात, नाक आभाळाकडे करून, मेले स्टेअरिंग उजवीडावीकडे फिरवीत, दाजींचे पाठीमागे पुणे शहर पाहो लागले.

आणि काय सांगावे! खड्डे आले ते खड्डे न वाटिले. चहाचा ग्लास डॅशबोर्डावर ठेविला, तो सांडिला नाही. दाक्तरांनी मणका चाचपून स्टेअरिंग बहाल केले. खराडीत एका कंपनीची बस बंद पडिली, चालकाने हात केला, तेव्हा हिंदुरावांनी वेग कमी करून थोर मनाने कळविले की, "आकडा रिकामा नाय, दादा." मग पाठीस लॅपटॉप बांधिलेली फौज खाली उतरोन बस ढकलो लागली, आणि टोचनगाडी डुलत डुलत पुढे गेली. तिजकडोन टोचनाचे एकही काम होत नाही, हा किरकोळ तपशील फत्तेच्या आड येऊ दिला नाही.

सबब शहराचे कारभाऱ्यांस अर्ज ऐसाजे: जेथे हिंदुरावांनी एक वाहन उतरवावे, तेथेच, त्याच क्षणी, तितक्याच वजनाचे दुसरे वाहन बंद पडावे, ऐसी सक्त ताकीद तमाम ट्रक, बसगाड्या व टँकर यांस द्यावी, आणि ताकीद निघेतोवर राजश्री सुखदेवराव यांचा मुक्काम आकड्यावरच मंजूर करावा.