शिष्टरच्या वाफ्यावरची आंघोळ

आंघोळ ही माणसाची खाजगी बाब आहे, असा माझा अहमदपूरला बदली होईपर्यंत समज होता. पहिल्याच सकाळी तो समज वाहून गेला. कुठं वाहून गेला तेही सांगतो: शिष्टरच्या तिसऱ्या वाफ्याच्या सरीत.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. नव्या जिल्ह्याचा थाट काय वर्णावा! पाट्या नव्या, शिक्के नवे, साहेब नवे. जुना म्हणाल तर एक दुष्काळच होता. आमच्या सरकारी कॉलनीतल्या विहिरीत वाकून हाक मारली, तर आवाज परत यायचा तोही धूळ झटकत. चिमण्या आंघोळीसाठी धूळसुद्धा रांगेत उभं राहून घ्यायच्या. टँकर यायचा, पण त्याची वाट पाहण्यात जेवढा घाम जायचा त्याच्या निम्मंच पाणी पदरात पडायचं. अशा कॉलनीत मी बिऱ्हाड टाकलं आणि सकाळी मोरीत बादली घेऊन बसलो. पहिला तांब्या अंगावर घेतला, तोच भिंतीपलीकडून आवाज आला.

"ओ भाऊसाहेब! थांबा! हात आवरा!"

मी हात आवरला. भिंतीवर एक गोल, काळासावळा, घामानं चमकणारा चेहरा उगवला. खाली पांढरीशुभ्र साडी, हातात खोरं.

"ते पाणी कुठं चाललं?"

"मोरीतून बाहेर."

"बाहेर म्हंजी कुठं?"

"गटारीत."

"अय्यो!" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "इकडं माझे पेशंट तडफडून राहिले, अन् तुम्ही गटारीला पाजून राहिले? टावेल गुंडाळा अन् बादली घेऊन या इकडं. या, या, लाजू नका. मी लई बघितलेत."

सरकारी नोकरीत मी एक गोष्ट शिकलोय. आवाजात अधिकार असला की समोरच्याचा हुद्दा विचारत बसू नये. टॉवेल गुंडाळून, बादली उचलून मी गेलो. पाहतो तर काय, तिच्या मागच्या अंगणात शहाबादी फरशीच्या तुकड्यांवर माझ्यासारखेच टॉवेलातले पाच-सात सरकारी नोकर उभे! प्रत्येकाच्या पायाशी एक सरी, सरीच्या कडेला उंच गादीवाफा, आणि मधून ही बाई हातात खोरं घेऊन राउंडला निघालेली.

सुलोचनाबाई वाघमारे, बिलोलीकडच्या. इथल्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. सगळा गाव शिष्टर म्हणायचा. दारावर पंचशीलाचा झेंडा, घरात बुद्धाची तसबीर, आणि राहायला ती एकटी. मी 'एकटी' म्हणालो खरा, पण पहाटेपासून तिच्या अंगणात जी गर्दी असायची ती बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवरसुद्धा मी पाहिली नाही.

वाफा करण्याची तिची रीत जगावेगळी. वाफ्याला ती खाट म्हणायची. लांबी-रुंदी बरोब्बर वॉर्डातल्या खाटेएवढी, कारण दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे, 'पेशंट'वर पाय देऊन कोणी उभं राहता कामा नये. आमची ती काळी माती उन्हाळ्यात दगड आणि पावसाळ्यात चिखल. म्हणून तिनं वैशाखातच कुदळीनं हातभर खोल उकरली, ढेकळं फोडली, शेणखत, राख आणि लिंबाचा पाला मिसळला, आणि चारही वाफे वीतभर उंच उठवून वर फळी फिरवली. मग उसाचं पाचट पसरून चारी कोपरे असे आत दुमडले की चादरीला इस्त्री मारल्यासारखं वाटावं. एकदा शेजारच्या कदमांच्या कोंबडीनं कोपरा विस्कटला, तर शिष्टरनं कोंबडीला हाणायचं सोडून कदमांनाच झापलं, "व्हिजिटिंग टाइम संपला म्हणून सांगा तिला!"

ती वाफ्यांशी बोलायची. बी पेरून झालं की उकिडवं बसून म्हणायची, "जोर लावा गं बायांनो, जोर लावा. आता थोडीच कळ." बी उगवायला उशीर झाला की आमच्याकडं वळून गंभीर आवाजात सांगायची, "खाट नंबर दोनची हालत नाजूक हाय. पण घाबरायचं बिलकुल कारण न्हाई." आम्ही मेलो तरी घाबरणार नव्हतो, पण तिच्या चेहऱ्याकडं पाहून टॉवेल सावरत हळहळायचो.

हा सगळा आटापिटा शेपूसाठी. "ओल्या बाळंतिणीला शेपू नको?" ती विचारायची. "बाजारात काडी दिसंना. रोजगार हमीवर खडी फोडून आलेली बाई बाळंत होती, अन् तिच्या ताटात काय, तर भाकर अन् मिरची. दूध कुठून यावं?" म्हणून तिला ते चार वाफे जगवायचे होते, काही झालं तरी. पाणी तर नव्हतंच. मग आमच्या आंघोळीवर टाच आली.

नियम कडक. साबण बंद. साबण लावलेला माणूस दिसला की ती खोरं उगारायची, "माझ्या पेशंटला फेस पाजता?" अंगाला हरभऱ्याचं पीठ, डोक्याला शिकेकाई. रोज फरशी बदलायची, म्हणजे प्रत्येक सरीला सारखं पाणी. जाड माणसाला पाणी जास्त लागतं, म्हणून लठ्ठ माणसं कोरड्या सरीकडं पाठवली जायची. माझं पोट पाहून तिनं पहिल्याच दिवशी मला तिसरी सरी दिली, आणि कॉलनीत माझी पत काय आहे ते मला कळलं. बायकांसाठी ताट्यांचा आडोसा होता. तिथं माझी बायको पहिल्या दिवशी नाक मुरडत गेली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी बादली घेऊन निघाली, कारण गावातली प्रत्येक बातमी त्या आडोशामागं आधी यायची आणि मग पेपरात.

आणि कदम! कदम म्हणजे घरची शेतीवाडी असलेला, मिशीला पीळ देणारा माणूस. वर्षानुवर्षं शिष्टरनं चहाला बोलावलं की "आत्ताच झाला बघा" म्हणून दारातूनच मागं फिरणारा. दुष्काळानं त्यांना लंगोटावर आणून तिच्या अंगणात उभं केलं. पुढं त्यांच्या पोराचं लग्न ठरलं, तेव्हा शिष्टर स्वतः त्यांच्या दारात गेली.

"कदम, हळदीच्या आंघोळीचा इंतजाम कुठं केला?"

"आमच्या दारातच की."

"बिलकुल न्हाई. हळदीच्या पाण्यानं मुंगी जाती. नवरदेव माझ्या खाट नंबर चारला पाहिजे."

कदमांची मिशी थरथरली. भावकी काय म्हणेल! पण घरात पाण्याचा थेंब नव्हता आणि टँकरचा पत्ता नव्हता. शिष्टरनं आपल्या रांजणातलं साठवलेलं पाणी देऊ केलं आणि प्रश्न मिटला. नवरदेव चार नंबरच्या फरशीवर पाटावर बसला, करवल्यांनी गाणी म्हटली, ताशा वाजला, आणि पिवळंधमक पाणी सरीतून निघालं. मुंग्या गेल्या का? गेल्या तर! बिऱ्हाडं उचलून रांगेनं थेट चाकूरच्या रस्त्याला लागल्या, मी डोळ्यांनी पाहिल्या. त्या दिवशी शिष्टरनं सगळ्यांना चहा केला, आणि कदमांनी बशीत ओतून, फुर्र फुर्र आवाज करत, दोनदा घेतला. भावकीतल्या एकानं डोळे मोठे केले. कदम म्हणाले, "बगतो काय? पोरगं न्हाऊन निघालं त्या पाण्यात, मी चहाला मरतो व्हय?"

तर असे दिवस चालले होते, आणि लातूरहून मोठे साहेब पाणीटंचाई बघायला आले. जीप कॉलनीत थांबली. साहेब इतके धुळीनं माखलेले की ड्रायव्हर कोण आणि साहेब कोण हे टोपीवरूनच ओळखायचं. शिष्टरनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी तो नजरेतला हिशेब ओळखला. तिची एक नंबरची सरी दोन दिवस कोरडी होती.

"साहेब, लई दगदग झाली तुमची. तोंड-बिंड धुवा."

साहेब तोंड धुवायला फरशीवर उभे राहिले. "मानंवर बगा किती माती." साहेबांनी मान धुतली. "सदरा भिजंल, काढूनच ठेवा की." नव्या जिल्ह्याचा तो रुबाबदार अधिकारी शेवटी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर तिच्या अंगणात बसून अंगाला हरभऱ्याचं पीठ चोळत होता, आणि शिष्टर वरून पाणी सोडत म्हणत होती, "आणिक थोडं डावीकडं सरका, साहेब. तिकडं मूळ हाय."

आंघोळ झाल्यावर साहेबांनी विचारलं, हा काय प्रकार आहे? शिष्टरनं खाटा दाखवल्या, शेपू दाखवला. तो नुकता बोटभर वर आला होता. बाळंतिणींचं सांगितलं. साहेब बराच वेळ केस पुसत उभे राहिले. जाताना म्हणाले, "बाई, तुमच्या कॉलनीला नळ देतो."

सरकारी शब्द तो. आम्ही हसून सोडून दिला. पण साहेब पाळणारे निघाले. बहुतेक त्यांच्या कानात पीठ राहिलं असावं, त्यामुळं रोज आठवण होत असणार. खंदक खणले गेले, पाईप आले, आणि एका सकाळी कॉलनीतल्या प्रत्येक मोरीत तोटी फुसफुसली, खोकली आणि धो धो वाहू लागली.

काय तो आनंद! कदमांनी तोटीला हार घातला. मी सलग तीन आंघोळी केल्या, तिन्ही साबणाच्या. माझ्या मोरीतून फेसाचे असे ढग निघाले की वरच्या आळीतल्या लोकांनी वाळवण आत घेतलं. शिष्टरच्या अंगणातही तोटी बसली. वाफ्यांना पोटभर पाणी मिळालं, शेपू गुडघ्याला लागला. दवाखान्यात जाताना तिच्या पिशवीतून हिरवे झुपके बाहेर डोकवायचे आणि तिच्यामागं वाटभर शेपूचा वास दरवळत जायचा. खाटा जगल्या होत्या. सगळं झ्याक झालं होतं.

चार-आठ दिवसांनी भिंतीवर चेहरा उगवला.

"भाऊसाहेब, नळाचं पाणी पेशंटला मानवून न्हाई राहिलं."

मी भिंतीवरून पाहिलं. शेपू असा माजला होता की त्यात म्हैस हरवली असती.

"चांगला तर दिसतोय, शिष्टर."

"वरवर दिसतो. आतून हालत बरी न्हाई. तुमच्या आंघोळीच्या पाण्यात कायतरी होतं बगा. मीठ असतं माणसाचं." थोडं थांबून ती म्हणाली, "जाऊ द्या. तुम्हाला कुठली फुरसत."

मी हसलो आणि कचेरीला गेलो. कचेरीत काम असं पडलेलं की ते बोलणं माझ्या डोक्यातून गेलं.

पुढच्या रविवारी बायकोनं मला शेपूची जुडी मागायला पाठवलं. शिष्टरचं पुढचं दार उघडंच होतं. हाक मारत मी मागच्या अंगणात गेलो आणि उंबऱ्यातच थबकलो.

सगळ्या फरश्या घासून लखलखीत केलेल्या. प्रत्येक फरशीपाशी एक बादली भरून ठेवलेली. कोपऱ्यात तांब्याचा बंब पेटलेला, आणि बादल्यांमधून वाफ निघत होती. वर लिंबाची पानं तरंगत होती. दोरीवर धुतलेले पंचे. पितळी वाटीत हरभऱ्याचं पीठ कालवून तयार. आणि पायरीवर शिष्टर, सुट्टीच्या दिवशी इस्त्रीची पांढरी साडी नेसून, हात मांडीत ठेवून, मागच्या फाटकाकडं बघत बसलेली. फाटक तिनं सताड उघडून, परत मिटू नये म्हणून खाली दगड लावला होता.

मला पाहून ती दचकून उठली.

"वाफ्याला देऊन राहिले होते," ती घाईघाईनं म्हणाली. "गरम पाण्यानं कीड मरती."

मी बादलीत बोट घातलं. त्या पाण्यानं कीड मेली असती, शेपू मेला असता, आणि आयती शिजलेली भाजी मिळाली असती. खाटांची एवढी निगा राखणाऱ्या बाईला ते ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल?

 जुडीचं मी नावच काढलं नाही. सदरा काढून दोरीवर टाकला आणि भिंतीवरून ओरडलो, "ओ कदम! निजलात काय? लंगोट बांधा अन् या! शिष्टरनं गरम पाणी काढलंय!"

"आलो, आलो!" पलीकडून आवाज आला. "घरात जीव घुसमटतो राव त्या मोरीत! बोलायला माणूस न्हाई!" आणि मग दारं वाजली, बादल्या वाजल्या. एकेक करून सगळी टॉवेलातली पलटण फाटकातून आत घुसली. ताट्यांच्या आडोशामागं बांगड्या किणकिणल्या, माझी बायको कुणाला तरी मोठ्यानं हसली.

"सरका, सरका!" शिष्टर गरजली. "लाईन लावा! कदम, पोट आत!"

तिचा आवाज पार बसस्टँडपर्यंत गेला असणार. एसटीनं त्या आवाजाला वाट दिली असणार.

मी तिसऱ्या फरशीवर बसलो. शिष्टर माझी बादली घेऊन आली, त्यात गार पाणी ओतलं, ढवळलं. मग पदर खोचून खाली वाकली आणि कोपर पाण्यात बुडवून तशीच थांबली, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात ना, तशी. चाळिशी ओलांडलेल्या, टक्कल पडू लागलेल्या, पोट सुटलेल्या कारकुनाच्या आंघोळीचं पाणी!

"हां," ती म्हणाली. "आता भाजायचं न्हाई."

आणि पहिला तांब्या तिनं सावकाश माझ्या पाठीवर सोडला.