बसून वाजवायचा सोलो

"काका, माईक इकडे आहे!"

वरदने हाक मारली तेव्हा वसंतराव ट्रम्पेट वाजवत वाजवत दारापर्यंत पोचले होते.

दादरच्या स्टुडिओत जुन्या अमेरिकन स्विंग गाण्यांचं रेकॉर्डिंग चाललं होतं. वरदचा बिग बँड म्हणजे ट्रम्पेट, ट्रोम्बोन, सॅक्सोफोन यांची फौजच. त्यातला एक ट्रम्पेटवाला आयत्या वेळी तापाने आडवा झाला आणि डिलाईल रोडच्या चाळीतून वसंतरावांना उचलून आणलं गेलं. उभा जन्म लग्नाच्या वरातीत गेलेला माणूस. पण तरुणपणी एका गोवेकर मास्तरांकडे त्यांनी हीच गाणी घोटली होती, आणि ती कुणीतरी एकदा कान देऊन ऐकावीत एवढीच त्यांची आस होती. वरातीत कोण ऐकतो? सगळ्यांचे डोळे नवरदेवावर. वाजवणाऱ्याकडे लोक बघणार ते तो थांबला की, तेही ओरडायला.

आज त्यांच्या वाट्याला एकट्याने वाजवायचा अख्खा सोलो आला होता आणि पाय दगा देत होते. वाजवायचं म्हणजे चालायचं, हे हाडीमासी खिळलेलं.

"बसून वाजवा," वरदने खुर्ची दिली. खुर्चीला चाकं होती. सूर रंगात आला तशी खुर्ची निघाली ती थेट सॅक्सोफोनवाल्यांत घुसली.

"सॉरी हां. पायच ऐकत नाय रे!"

मग बिनचाकांची खुर्ची आली. बँडमधल्या पुष्करला त्या गाण्यात काम नव्हतं, त्याने खाली बसून काकांचे गुडघे घट्ट धरले. काका तसूभर हलले नाहीत. सूरही हलला नाही. स्वर सगळे जागच्या जागी, पण जीव नाही.

वसंतरावांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवला. "राहू दे पोरा. दुसरा बघ कोण. आपला जन्म रस्त्यातच गेला."

वरदने डोकं खाजवलं आणि हातात धरायचा रेकॉर्डर उचलला. "मग रस्त्यातच वाजवा. मी पुढे उलटा चालतो."

वसंतराव उठले, निघाले. साथ सोडायची कशी, म्हणून मागोमाग सगळी फौज निघाली. जिना उतरून गल्लीत. वॉचमनने सवयीने शिट्टी फुंकून टॅक्स्या अडवल्या. सूर आता असा सुटला होता की वरदला चालायचं भान राहिना.

कोपऱ्यावर भाजीची पिशवी घेतलेल्या आजींनी मान उंचावली. "अगंबाई, वरात केवढी मोठी! नवरदेव कुठाय पण?"

"हे काय आजी," वरद कुजबुजला, "ट्रम्पेट वाजवतायत ना, तेच."

आजींनी पिशवी खाली ठेवली. नवऱ्या मुलाला बघतात तसं वसंतरावांना नीट न्याहाळलं, हात जोडले आणि डोळे मिटून ऐकत उभ्या राहिल्या.

कुणीही धरलं नसताना वसंतरावांचे पाय जागीच थांबले. सोलो मात्र चालूच राहिला.