पाच लिटर समुद्र

कोकणात निघालेल्या माणसाकडून लोक आंबे मागवतात, कोकमं मागवतात. आमच्या खालच्या मजल्यावरचे परचुरेसर पाच लिटर समुद्र मागवायचे.

आयटी कंपन्या आल्या, आमच्यासारख्यांच्या दारात गाड्या आल्या, आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या नव्या सोसायटीतून दर शनिवारी कोणी ना कोणी दिवेआगरला पळू लागलं. सरांना सुगावा लागायचाच. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर रिकामा कॅन घेऊन स्वतः जिना चढून येत. "काठावरचं गढूळ नको. गुडघाभर आत जा. पँट वाळते."

हा सगळा खटाटोप एका वामेसाठी, सापासारख्या दिसणाऱ्या मासळीसाठी. लांबीला वीतभर, जाडीला गांडुळाएवढी, डोळे खसखशीएवढे. खाडीच्या वाळूत ती स्वतःला पुरून घेते आणि तोंडाचा शेंडा तेवढा बाहेर ठेवते. सरांच्या घरातल्या काचेच्या टाकीत आम्हाला कायम वाळूच दिसे.

"सर, आहे ना नक्की?" मी एकदा विचारलं.

"तुमचं सॉफ्टवेअर तरी दिसतं का? पगार घेताच ना?"

एका रविवारी मी कॅन भरायलाच विसरलो. आठवलं तेव्हा गाडी ताम्हिणी घाट चढून आली होती. घरी येऊन नळाच्या पाण्यात मीठ कालवलं, चव घेतली, आणखी चिमूटभर घातलं आणि सरांना समुद्र पोचवला.

"लाटा कशा होत्या?"

"मोठ्या होत्या सर."

नंतर तीन दिवस मला अन्न गोड लागेना. माझ्या आळसापायी एक मुका जीव मरणार होता. चौथ्या दिवशी खाली जाऊन सगळं कबूल केलं.

"ठाऊक आहे," सर पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "कॅनच्या तळाशी वाळूचा कण नव्हता. तुम्ही जिना चढेपर्यंत ते मोरीत ओतलं होतं." त्यांनी टाकीकडे बोट केलं. वाळूत एक बारीकसं तोंड हललं. मला हायसं वाटलं, आणि मग रागही आला.

"अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही ओशाळला असता. पुन्हा आला नसता." सरांनी पेपराची घडी घातली. "पाणी मला मासळीच्या गाडीवाला देतो हो, दर गुरुवारी. पण तो खाली हॉर्न वाजवतो, कॅन ठेवतो आणि जातो."

मला फार वाईट वाटलं. ऑफिसला उशीर झाला होता. मी बूट काढले आणि बसलो.