परबांचं माकड

मस्कतच्या रुवी भागातल्या सुपरमार्केटच्या रांगेत कुणी पन्नाशीचे गृहस्थ एका पायावर उभे दिसले, तर ते आमचे परब. दुसरा पाय गुडघ्यात वाकवून वर, हातात कोथिंबिरीची जुडी. मागच्या ओमानी म्हाताऱ्याने एकदा काळजीने विचारलं, पाय दुखतो का? परब अदबीने म्हणाले, "नो, अर्बाब. मंकी."

परब मालवणकडचे, इथल्या एका नाट्यगृहात इलेक्ट्रिशियन. तीन वर्षांपूर्वी तिथे सोमसक नावाचा थाई नर्तक आला. त्यांच्या रामायणातल्या मुखवट्याच्या नाचात माकड व्हायचं, म्हणून तो लहानपणापासून घडलेला. पण आता मुखवटा नाही, जरीचा पोशाख नाही. साध्या टी-शर्टात तीच जुनी पावलं, पण इतकी सावकाश, की माकडाच्या आतला दमलेला माणूस दिसावा. दिव्यांच्या तालमीला परबांना त्याच्या जागी रंगमंचावर उभं केलं होतं. सोमसकने सहज येऊन त्यांचा गुडघा दोन बोटं बाहेर वळवला. झालं! पुढे दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर शिकवणी.

"तुमका ह्यात काय मिळता?" मी विचारलं.

"थंय माका कोण घाई करणा नाय."

वहिनी गेल्यापासून घरात ते आणि नववीतली तन्वी, दोघंच. ती म्हणायची, "बाबा, प्लीज, फ्रेंड्ससमोर नको ना करू."

गणपतीच्या कार्यक्रमात परबांनी दहा मिनिटं मागितली. मी मंडळाचा सेक्रेटरी. जेवणाआधीची, कुणालाच नको असलेली दहा मिनिटं मी त्यांना दिली. तिसऱ्या मिनिटाला ते एका पायावर थांबले ते हलेचनात. जेवणाच्या बाजूने मला पुऱ्या गार होत असल्याच्या खुणा सुरू झाल्या. मी साउंडवाल्याला म्हटलं, "यल्ला, खलास कर."

संगीत थांबलं. कुणीतरी ओरडलं, "जय बजरंगबली!" हॉल खदखदून हसला, खुर्च्या सरकल्या. परबांनी उरलेली सात मिनिटं लोकांच्या पाठींसमोर, आवाजाशिवाय, पूर्ण केली. मग खाली उतरून पुरीच्या रांगेत शेवटी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर तो नाच फिरला, खाली हसरे चेहरे. शूटिंग तन्वीचं. संध्याकाळी परब माझ्याकडे आले. मी माफीची वाक्यं जुळवत होतो.

"तो व्हिडिओ माका धाडा. मी ग्रुपात नाय. सोमसकाक दाखवूचो आसा."

"अहो, त्यात लोक..."

"मी नाचतंय कसो, ता मी कधी बघूकच नाय."

त्यांनी तो दोनदा पाहिला. "मान चुकली," एवढंच म्हणाले आणि पाठवून दिला. चहा होईपर्यंत उत्तर आलं. तुटक्या इंग्रजीत सोमसकने लिहिलं होतं, गुडघा छान. पण कॅमेऱ्याजवळ एवढं कोण हसतंय?

ते हसणं आम्ही दोघांनीही ओळखलं होतं. परबांनी उत्तर लिहायला फोन जवळ घेतला.

"सेक्रेटरी, 'प्राउड'चा स्पेलिंग काय?"

मी एकेक अक्षर सांगितलं. एका बोटाने त्यांनी लिहिलं: माय डॉटर. व्हेरी प्राउड.